पासवर्ड कुणाचा?

शाळेच्या कार्यालयातल्या भिंतीवरच्या घड्याळात दहाला दहा कमी होते आणि घंटेच्या मशीनवर साडेदहा वाजले होते. जपूनरावांनी आधी चष्मा पुसला. मग घड्याळ बघितलं, मग मशीन बघितलं.

जपूनराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. प्रयोगशाळेत परीक्षानळी उचलणाऱ्या प्रत्येकाला ते "जपून हं, जपून" म्हणायचे, म्हणून शाळेनं त्यांना तेच नाव ठेवलं. गेल्या शुक्रवारी जुने मशीनवाले आबा निवृत्त झाले आणि त्यांची जागा भरेपर्यंत मशीन जपूनरावांच्या गळ्यात पडलं. "तुम्ही मुळातच घाबरट आहात, काही मोडणार नाही," असं मोठ्या बाईंनी नेमणूक करताना सांगितलं होतं. जपूनरावांनी ते कौतुक समजून घरी सांगितलंही होतं.

आता मशीन पुढं असलं तर असलं, त्यात एवढं काय, असं तुम्ही म्हणाल. पण या शाळेत वेळ घड्याळावर चालत नसे, घंटेवर चालत असे. काही वर्षांपूर्वी बारा वर्गांत बारा पर्यवेक्षकांनी आपापल्या मनगटाकडे बघून बारा वेळा पेपर गोळा केले होते आणि मोठी बोंब झाली होती. तेव्हापासून मोठ्या बाईंनी परीक्षेच्या वर्गांतली घड्याळं उतरवली, परीक्षेच्या दिवशी सगळ्यांचे मोबाइल, मनगटी घड्याळं कपाटात कुलूपबंद केली, आणि परिपत्रक काढलं: घंटा म्हणजे वेळ. शेवटची घंटा झाली की पेन खाली.

आज गणिताचा पेपर होता, आठ ते अकरा. आठची घंटा बाईंनी स्वतः हातानं दिली होती. पण शनिवारी वीज गेली होती आणि मशीन परत सुरू होताना चाळीस मिनिटं पुढं जाऊन बसलं होतं. म्हणजे शेवटची घंटा अर्ध्या तासात होणार होती. खरे अकरा वाजायच्या चाळीस मिनिटं आधी! आणि सात नंबरच्या खोलीत, तिसऱ्या बाकावर, जपूनरावांची एकुलती एक मुलगी बसली होती. गेल्या वेळी गणितात चार मार्कांनी गचकलेली. ही तिची दुसरी आणि शेवटची संधी. आज पेपर गेला तर वर्ष गेलं.

"मामा!" जपूनरावांनी हाक मारली.

शिपाईमामा दारातच स्टुलावर बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "वायर काढू का?"

"नको, नको! जपून! वायर काढली की बॅटरीवरचा भोंगा बोंबलतो. मुलं खोड्या काढतात म्हणून आबांनीच ते करून ठेवलंय. भोंगा म्हणजे तर आग लागल्यावर वाजवायचा! सगळी शाळा मैदानात येईल."

"मग वर्गावर्गात जाऊन सांगतो, की घंटा ऐकू नका."

"बाईंचं परिपत्रक विसरलात? त्यात लिहिलंय: पेपर चालू असताना कुणी काहीही सांगितलं, अगदी मी स्वतः येऊन सांगितलं, तरी घंटेशिवाय ऐकायचं नाही. खाली बाईंची सही आहे."

मामांनी मान हलवली. त्यांनीच ते परिपत्रक बारा दारांना चिकटवलं होतं.

उरला एकच मार्ग, मशीनचं घड्याळ मागं घेणं. आबा जाताना एक वही ठेवून गेले होते. त्यात पान तीनवर लिहिलं होतं, 'वेळ चुकल्यास खालचा हुकूम टंकणे.' जपूनरावांनी काळ्या पडद्यावर एकेक अक्षर वहीत बोट ठेवून टंकलं आणि डोळे मिटून एंटर दाबलं. डोळे उघडले तर पडद्यावर एकच शब्द होता.

'पासवर्ड?'

त्या मशीनची पद्धत अशी, की साधीसुधी कामं त्याला कुणीही सांगावीत. पण घड्याळाला हात लावायचा म्हटलं की ते आधी पासवर्ड मागायचं. अधिकाराचं काम, अधिकाऱ्यानंच करावं. जपूनरावांना वाटलं, अधिकारी म्हणजे आबा. स्वतः जपूनराव अधिकारी आहेत, हे जपूनरावांना अजून खरं वाटत नव्हतं. शुक्रवारी आबांनी त्यांनाही एक पासवर्ड करायला लावला होता, नाही असं नाही. पण तेव्हाच दम भरला होता: "हा कुणाला सांगायचा नाही. कुणी विचारला तरी नाही. कितीही रुबाबात विचारला तरी नाही!" आणि आता मशीन इतक्या रुबाबात विचारत होतं, की जपूनरावांनी तोंड घट्ट मिटून घेतलं. विचारणाऱ्याला सांगायचाच नाही म्हटल्यावर नाहीच सांगायचा.

त्यांनी आबांचा पासवर्ड काय असेल त्याचा अंदाज बांधला आणि आबांचं नाव टंकलं. पडद्यावर काहीच उमटलं नाही. एक टिंबसुद्धा नाही.

"मामा, कीबोर्ड मेला वाटतं!"

मामांनी पळत जाऊन संगणक कक्षातून दुसरा कीबोर्ड आणला. जपूनरावांनी टेबलाखाली शिरून तो जोडला, डोकं आपटलं, परत येऊन टंकलं. तरी पडदा कोराच. तिसरा कीबोर्ड आला. त्याच्यावर तर चहा सांडलेला होता आणि निम्मी बटणं चिकटत होती. पासवर्ड टंकताना अक्षरं दिसू नयेत अशीच त्या मशीनची रीत असते, हे त्या दोघांपैकी कुणाला ठाऊक असतं तर ही गोष्टच झाली नसती. या धावपळीत मशीनवर दहा चाळीस झाले, आणि दारात मोठ्या बाई उभ्या राहिल्या.

मोठ्या बाई उभ्या राहिल्या की खोलीतली माणसं आपोआप उभी राहत. जपूनराव टेबलाखाली होते, ते तिथंच उभे राहायला गेले आणि दुसऱ्यांदा डोकं आपटलं.

"काय चाललंय?"

"बाई, मशीन चाळीस मिनिटं पुढं आहे," जपूनराव टेबलाखालूनच म्हणाले.

बाईंनी मनगट बघितलं. शाळेत घड्याळ बांधायची मुभा एवढी त्यांनाच होती. "माझ्यात बरोबर दहा चाळीस आहेत."

"पण भिंतीवर..."

"भिंतीवरचं मागे पडलं असेल. मघाशी अर्ध्या वेळेची घंटा झाली तेव्हा माझंही मागे होतं. मी लावून घेतलं."

घंटा चुकू शकते हे बाईंच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. त्यांनी चांगलं चालणारं घड्याळ चाळीस मिनिटं पुढं ढकललं होतं!

तेवढ्यात मामांनी खाकरून घसा साफ केला. "बाई, एक बोलू? दरवर्षी साडेदहापर्यंत मी पुरवण्यांचा ढीग वाटलेला असतो. आज एकाही वर्गानं पुरवणी मागितलेली नाही. गठ्ठ्याची दोरीसुद्धा सोडली नाही मी."

बाईंनी तो दोरी बांधलेला गठ्ठा बघितला. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. जपूनरावांनी बाईंचा उतरलेला चेहरा जन्मात पहिल्यांदाच बघितला आणि त्यांची उरलीसुरली हिंमत गेली. बाईच घाबरल्या म्हटल्यावर बाकीच्यांनी कुणाकडे बघायचं?

"मग करा ना दुरुस्त! वाट कसली बघताय?"

"ते पासवर्ड मागतंय, बाई. अधिकाऱ्याचा."

"या शाळेत अधिकारी कोण आहे?" बाईंनी पदर खोचला. "सरका. दोघंही भिंतीकडे तोंड करून उभे राहा."

बावन्न वर्षांचे जपूनराव आणि सत्तावन्न वर्षांचे मामा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मागून बटणांचा टकटक आवाज आला. मग बाईंचा आवाज, "हे काय? 'चूक. लक्ष कुठाय तुझं?' कोण बोलतंय हे माझ्याशी?"

"आबा, बाई," जपूनराव भिंतीला म्हणाले. "म्हणजे मशीन. पण शब्द आबांचे. पूर्वी ते गणित शिकवायचे ना, सवय जात नाही."

"बावीस वर्षांत मला कुणी 'चूक' म्हटलेलं नाही!"

बाईंनी पुन्हा टंकलं. मशीननं पुन्हा विचारलं, लक्ष कुठाय तुझं. तिसऱ्यांदा तर बाईंनी प्रत्येक बटण असं दाबलं, की टेबलावरची टाचण्यांची डबी नाचली. मशीननं तिसऱ्यांदाही चूक म्हटलं आणि गप्प झालं. तीन चुकांनंतर ते विचारणंच सोडून देतं आणि नेहमीसारखं साध्या हुकुमाची वाट बघत बसतं. पण हे बाईंना कसं कळावं? त्यांनी चौथ्यांदा टंकलं, आणि आनंदानं जवळजवळ ओरडल्याच, "अहो, आता दिसतंय! अक्षरं दिसायला लागली! वळा, वळा, बघा!" आणि एंटर दाबलं.

दोघं वळले. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत, पण अगदी स्वच्छ मराठीत लिहिलं होतं, 'घाबरायचंनाही'. आणि त्याच्याखाली मशीनचं उत्तर होतं:

'घाबरायचंनाही: हा हुकूम मला माहीत नाही.'

जपूनरावांना वाटलं, आपले डोळे फुटले असते तर बरं झालं असतं. ज्या बाईंच्या चपलांचा आवाज ऐकून सबंध मजला श्वास रोखायचा, त्यांच्या पोटातलं गुपित त्यांनी वाचलं होतं. आता नोकरी काही राहत नाही!

"चांगला आहे, बाई, पासवर्ड," मामा हळूच म्हणाले. त्यांना काहीतरी बोलणं भाग वाटलं असावं.

बाई खुर्चीत बसल्या. "रोज सकाळी प्रार्थनेच्या आधी कंप्युटर उघडते," त्या पडद्याकडे बघतच म्हणाल्या. "बाहेर आठशे मुलं असतात. टंकलं की जरा बरं वाटतं. पुसा ते."

कसं पुसायचं ते वहीत नव्हतं. ते तसंच राहिलं. मशीनवर दहा सेहेचाळीस झाले होते.

"आबांना फोन लावा," बाई म्हणाल्या.

कार्यालयाचा जुना फोन जपूनरावांनी उचलला. घाईत पहिला फोन एका शिंप्याला लागला. दुसऱ्यांदा आबांच्या घरी लागला आणि काकूंनी उचलला.

"ते आंघोळीला गेलेत," काकू म्हणाल्या. "निवृत्त झाल्यापासून तास तास बाहेर येत नाहीत. काही निरोप आहे का?"

"काकू, तुम्हाला आबांचा पासवर्ड माहीत आहे का हो?"

"मला? अहो, चाळीस वर्षांच्या संसारात त्या माणसानं मला पगार नाही सांगितला, पासवर्ड काय सांगणार! थांबा, दार वाजवते. खाऊन टाकणार नाहीत मला."

पलीकडून दार बडवल्याचा, मग बालदी आपटल्याचा, मग काकूंनी "शाळा बुडतेय तुमची!" म्हटल्याचा आवाज आला. मशीनवर दहा बावन्न. जपूनरावांच्या डोळ्यांपुढे सात नंबरची खोली आली. तिसऱ्या बाकावर मुलगी खाली मान घालून आकडे मांडतेय, आणि मध्येच घंटा होतेय, आणि पर्यवेक्षक तिच्या हातातून पेपर ओढून घेतोय. त्यांना रडूच यायला लागलं.

"काय मोडलं?" आबांचा आवाज असा होता, की फोन कानापासून हातभर लांब धरला तरी मामांनाही ऐकू यायचा.

"आबा, मशीन तुमचा पासवर्ड मागतंय! पटकन सांगा!"

"माझा? माझा कशाला मागेल? मी निवृत्त झालो. आणि मागितला तरी मी देणार नाही. पासवर्ड आणि दात घासायचा ब्रश मी कुणाला देत नाही."

"आबा, पाया पडतो! सात मिनिटं राहिलीत!"

"नीट सांग. पडद्यावर काय लिहिलंय?"

"नुसतं 'पासवर्ड?' असं विचारत होतं. बाईंचा देऊन झाला. तो चुकला."

"बाईंचा?" आबांच्या आवाजात पहिल्यांदाच काळजी आली. "मशीन त्यांना काही बोललं का?"

"लक्ष कुठाय तुझं, म्हणालं. तीनदा."

पलीकडे काही क्षण नुसतं पाणी निथळत होतं. मग आबा म्हणाले, "अरे येड्या, तुझा मागतंय ते! तू बसलायस ना समोर? जो बसलाय त्याचाच मागतं ते. शुक्रवारी केलास तो दे!"

"पण तुम्हीच म्हणालात, कुणी विचारलं तरी द्यायचा नाही!"

"माणसाला द्यायचा नाही! मशीनला नाही द्यायचा तर काय लोणचं घालायचं त्याचं?"

"मग तसं लिहायला काय झालं होतं तिथं? 'तुझा पासवर्ड' असं!"

"आधी होतं तसं. अमक्याचा पासवर्ड टाका, असं नावासकट विचारायचं ते. मीच काढून टाकलं. म्हटलं, उगाच पाल्हाळ कशाला? चौदा वर्षं मी एकटाच तर बसत होतो तिथं. कुणाचा ते काय मला ठाऊक नव्हतं?"

"आबा!" जपूनराव ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. "तुम्हाला ठाऊक होतं, पण मला नव्हतं ना! इथं पोरांचं वर्ष जातंय!"

मामा दचकून स्टुलावरून उठले. बाईंनी वर बघितलं. पलीकडे आबाही चपापले असावेत, कारण ते एकदम हळू आवाजात म्हणाले, "बरं, बरं. माझ्याकडं दहा सतरा झालेत. टंकेपर्यंत एकोणीस होतील, दहा एकोणीसच लाव. सावकाश टंक."

मशीनवर दहा सत्तावन्न. बाई आणि मामा न सांगताच भिंतीकडे वळले. जपूनरावांनी हुकूम पुन्हा टंकला, पुढं आबांनी सांगितलेली वेळ घातली आणि एंटर दाबलं. 'पासवर्ड?' आला. त्यांनी मुलीचं लाडाचं नाव आणि तिचा जन्मदिवस टंकला, पण तिसऱ्या कीबोर्डचं एक बटण चिकटलं. 'चूक. लक्ष कुठाय तुझं?' त्यांनी हाताचा घाम शर्टाला पुसला. दहा अठ्ठावन्न. त्यांनी परत एकेक बटण टोचून टोचून दाबलं, आणि एंटरवर बोट नेलं.

"थांबा," बाई भिंतीकडूनच म्हणाल्या. "तुमची मुलगी सात नंबरमध्ये आहे ना?"

जपूनरावांचं बोट हवेतच राहिलं. झालं! हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. उद्या कुणीही म्हणेल, बापानं पोरीसाठी घंटा लांबवली. चौकशी होईल, पेपर रद्द होईल, मुलीला कायमचं घरी बसावं लागेल. न दाबावं तर आत्ता बुडाली, दाबावं तर उद्या बुडाली.

"हो, बाई," ते कसेबसे म्हणाले.

बाई वळल्या. पुढं आल्या. "मग एंटर मी दाबते," त्या म्हणाल्या. "कुणी विचारलं तर माझं नाव सांगा." आणि दाबलं.

मशीननं काही म्हटलं नाही. कोपऱ्यातला आकडा एकदा थरथरला आणि दहा एकोणीस झाला.

जपूनरावांचा जीव भांड्यात पडला. मामांनी पाण्याचा पेला आणला तो जपूनरावांना दिला. त्यांनी तो बाईंना दिला. बाईंनी अर्धा पिऊन परत जपूनरावांना दिला. नंतरची चाळीस मिनिटं तिघंही त्या आकड्याकडे टक लावून बसून होते. मध्ये वर्गावर्गातून पुरवण्यांसाठी हाका आल्या तेव्हा मामा असे धावले, की जणू पगारवाढच वाटायला निघालेत. सात नंबरमधूनही हाक आली. जपूनरावांनी देवाचे, आबांचे आणि बाईंचे, याच क्रमानं, मनातल्या मनात आभार मानले.

बरोबर अकराला घंटा झाली. जपूनराव जिन्यापाशी जाऊन उभे राहिले. मुलांचा लोंढा खाली आला, ओरडत, उत्तरं ताडून बघत, एकमेकांची दप्तरं ओढत. सगळ्यांत शेवटी मुलगी आली. तिचे डोळे लाल होते.

"काय झालं? वेळ पुरला नाही का?"

"वेळ?" ती म्हणाली. "बाबा, माझा पेपर कधीच झाला होता. सगळी गणितं सुटली होती. इतकं छान वाटत होतं! आणि घंटाच होईना."

"मग?"

"मग बसल्या बसल्या भीती वाटायला लागली. सगळंच कसं सुटलं, काहीतरी चुकलं असणार. म्हणून परत तपासलं. पुरवणी घेऊन परत सोडवलं. चार गणितं खोडून नवी लिहिली." तिनं नाक पुसलं. "आत्ता जिन्यात सगळ्यांची उत्तरं ऐकली. माझी खोडलेलीच बरोबर होती."

जपूनरावांनी जिन्याचा कठडा धरला.

"अर्धा तास आधी घंटा झाली असती ना बाबा," ती म्हणाली, "तर पास होते मी." मग तिनं त्यांच्याकडे नीट बघितलं. "तुमच्या डोक्याला टेंगूळ कसलं आलंय?"